चॅटर्टनच्या मृत्यूचं खापर वॉलपोलवर फोडण्याआधी

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा गरीब कवी थॉमस चॅटर्टन मदत मागायला लेखक होरेस वॉलपोलच्या दारात गेला, त्या बड्या बापाच्या लेकाने त्याला हाकलून दिलं आणि पोराने निराशेत जीव दिला, ही गोष्ट अधूनमधून फिरत असते. ती खरी नाही. दोघं आयुष्यात कधी भेटलेच नाहीत.

घडलं ते पत्रातून. मार्च १७६९ मध्ये चॅटर्टनने स्वतः लिहिलेला मजकूर पंधराव्या शतकातल्या राउली नावाच्या साधूचा म्हणून वॉलपोलकडे धाडला. वॉलपोलचं पहिलं उत्तर अगदी अदबीचं होतं. पुढे कवी थॉमस ग्रे आणि विल्यम मेसन यांनी ते कागद बनावट असल्याचं ओळखलं. मग वॉलपोलने सल्ला दिला: वकिलाकडची उमेदवारी सोडू नकोस. चॅटर्टन लंडनला आला तो एप्रिल १७७० मध्ये आणि त्याच ऑगस्टमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी गेला. म्हणजे पत्रव्यवहार तुटून वर्ष उलटलं होतं.

वॉलपोल अगदी धुतल्या तांदळासारखा होता, असंही नाही. चॅटर्टनने तगादा लावूनही कागद परत करायला त्याने १७६९ चा ऑगस्ट उजाडवला. शिवाय ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही स्वतःची कादंबरी त्याने आधी जुन्या इटालियन हस्तलिखिताचा अनुवाद म्हणूनच खपवली होती! ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलचा हा मुलगा १७४१ ते १७६८ खासदार होता, पण राजकारणात त्याचा ठसा बेताचाच. नाव राहिलं ते हजारो पत्रांमुळे. चॅटर्टनबद्दलच्या आरोपाला मात्र त्याने १७७९ मध्ये स्ट्रॉबेरी हिल या आपल्या घरच्याच छापखान्यात उत्तर छापलं.