‘आणा हो मुलाला’ म्हणणाऱ्या साहेबांसाठी

शाळेला अचानक सुट्टी लागते, घरी सांभाळायला कुणी नसतं आणि साहेब मोठ्या मनाने म्हणतात, “आणा हो मुलाला, बसेल कोपऱ्यात.” हेतू चांगलाच असतो. तरी माझं मत असं की या तोंडी परवानगीपेक्षा सरळ नकार परवडला.

कर्मचाऱ्याला कामावर लागलं तर भरपाईची ठरलेली चौकट बहुतेक देशांत आहे. मूल त्या चौकटीत बसतच नाही. त्याला इजा झाली की निष्काळजीपणाचा साधा दिवाणी दावा, आणि तिथे रकमेला बहुधा ठरावीक मर्यादा नसते. मग मालक पालकांकडून ‘सर्व जबाबदारी आमची’ असं लिहून घेतात आणि निर्धास्त होतात. पण भरपाईचा हक्क मुलाचा स्वतःचा. तो आईबापांनी सही करून सोडून दिला, हे अनेक ठिकाणी न्यायालयं मानत नाहीत. दाव्याची मुदतही बऱ्याच देशांत मूल सज्ञान झाल्यावरच मोजायला लागतात. म्हणजे तोवर परवानगी देणारे साहेब निवृत्त झालेले असणार!

‘पोरगंच खोडकर होतं’ हेही चालत नाही. मुलं मोठ्यांइतकी काळजी घेणार नाहीत हे जागा ताब्यात असणाऱ्याने धरूनच चालावं, असं इंग्लंडचा १९५७ चा कायदा सांगतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १८७३ मध्येच रेल्वेच्या टर्नटेबलवर, म्हणजे इंजिन फिरवायच्या गोल चकतीवर, खेळताना जखमी झालेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने कौल दिला. ते मूल न विचारता आत शिरलं होतं. इथे आपणच या म्हटलंय.

कारखान्यात तर प्रश्नच नको. यंत्रापासून किती अंतर सुरक्षित हे सांगणारं आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं (आयएसओ) १३८५७ हे मानक मुळात १४ वर्षं आणि त्यापुढच्या माणसांसाठी आहे. मोठ्याची बोटं ज्या फटीत जात नाहीत, तिथे लहान हात सहज जातो. ऑफिसातही कागद फाडायचं श्रेडर, गरम चहा, लोंबणाऱ्या वायरी, उघडे खण असतातच.

एक डोळा मुलावर ठेवून काम करणाऱ्या आईला स्वतःलाच लागलं, तर लक्ष नव्हतं म्हणून बोल तिलाच लागणार. याची मला जास्त चीड येते. आणि “बाळा, जरा ही पाकिटं चिकटव” म्हणालात की बालमजुरीचा प्रश्न दारात. शिवाय एकीला हो, दुसरीला नाही, हा पक्षपात वेगळाच.

म्हणून मुलांना हाकला असं मी म्हणत नाही. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांसाठी बालसंगोपनाच्या सोयी वाढवा, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५६ व्या करारात आहेच. ते जमत नसेल तर अडीअडचणीची रजा द्या, घरून काम द्या. मूल आणूच द्यायचं असेल, तर कोणती खोली, किती वय, किती वेळ आणि लक्ष कोण ठेवणार हे सगळ्यांसाठी कागदावर आणा. त्याआधी विमा कंपनीला विचारा, कर्मचाऱ्यांची मुलं आमच्या पॉलिसीत येतात का. उत्तर फोनवर घेऊ नका, लेखीच मागा.