कात्रीला चालणारे हात

मागच्या रविवारी आमच्याकडे मावससासूबाई आल्या होत्या. मी टेबलाशी बसून निळ्या कागदातून एक फांदी कापत होते आणि आत नवरा भांडी घासत होता. त्यांनी आधी आवाजाच्या दिशेनं पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "कात्रीला बरे चालतात गं तुझे हात. मग भांड्यांनाच काय होतं त्यांना?"

मी हसले. कात्री ठेवली आणि त्यांना पाणी आणायला उठले. उठायला नको होतं, पण उठले. उत्तर सुचलं ते रात्री, कूस बदलताना. माझी सगळी उत्तरं तेव्हाच येतात. मावशी फेसबुकवर आहेत, त्या हे वाचतील. वाचावंच म्हणून लिहितेय.

तर मावशी, हात तेच आहेत. कात्रीचा एक जोड आणि भांड्यांचा एक जोड अशी सोय माझ्याकडे नाही. दिवसभरात या हातांना साधारण एक तास बरा जातो, बहुतेकदा सकाळी अकराच्या सुमारास, अंगाचा ताठरपणा उतरल्यावर आणि थकवा चढायच्या आधी. तो तास मी कागदाला देते. ठरवून देते. घराला उरलेले हात मिळतात, आणि काही दिवस काहीच उरत नाही.

आधी घर, मग जमलं तर हौस, हा क्रम मीही कित्येक वर्षं पाळला. धडधाकट होते तेव्हाही त्या क्रमात हौसेचा नंबर कधी लागला नव्हता. दुखणं आल्यावर तर बघायलाच नको. बरा तास कपड्यांच्या घड्यांत जायचा आणि दुसऱ्या दिवशी ढीग पुन्हा तेवढाच. (घड्याच घालायच्या तर कागदाच्या का नकोत, हे मला अशाच एका ढिगासमोर बसून सुचलं.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मला फायब्रोमायाल्जिया आहे, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आणि थकव्याचा आजार. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा फिरून फिरून येणाऱ्या वेदनेला डॉक्टर जुनाट म्हणतात. माझी पंधरा वर्षांची आहे, म्हणजे एव्हाना वयात आली म्हणायची. पहिली चार वर्षं तिला नावच नव्हतं. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि मला एकटीला रडू यायचं. एका डॉक्टरांनी जुन्या पद्धतीनं अंगावरच्या १८ ठरावीक जागा अंगठ्यानं दाबून पाहिल्या. १९९० च्या निकषांप्रमाणे त्यांतल्या निदान ११ दुखायला हव्यात. त्या दिवशी माझ्या ९ दुखल्या. म्हणजे दुखण्यातही नापास. २०१० साली आलेल्या निकषांत ही दाबादाबी काढून टाकली आहे. गेल्या आठवड्यात शरीराच्या १९ भागांपैकी कुठे कुठे दुखलं, थकवा किती, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, विसरायला होतं का, हे त्यात विचारतात. पुढच्या डॉक्टरांनी हे सगळं विचारलं तेव्हा कुठे नाव मिळालं.

नाव मिळालं तरी आकडा सुटला नाही. "शून्य ते दहा, आज किती?" मी आपली "सात" म्हणते आणि सात लिहिलं जातं. सकाळी बोटांत रग होती, दुपारी खांद्यातून सणक गेली, रात्री अख्खं अंग आंबलेलं. या तिघांची सरासरी सात? रोनाल्ड मेल्झॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली छापली. तीत दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत, आणि आपल्याला लागू पडतो त्या शब्दावर खूण करायची. ते वाचल्यावर मी एका जुन्या वहीत मराठी शब्द लिहायला घेतले. काय श्रीमंती आहे आपल्याकडे! ठणका वेगळा, ठसठस वेगळी. कळ येते आणि जाते, सल रुतून बसतो. चमक पाठीत भरते, मान आखडते, पाय भरून येतात, हात बधिरतात. खरचटल्यावर चुरचुरतं, भाजल्यावर भगभगतं, आणि हुळहुळणं म्हणजे तर कापड लागलं तरी नको वाटतं ते. अंग मोडून येणं आणि अंग आंबणं यांतला फरक ज्याला कळतो त्याला माझा सोमवार आणि मंगळवार यांतला फरक कळतो. आता डॉक्टरांकडे जाताना मी ती वही नेते. आकडाही सांगते, त्यांना रकाना भरायचा असतो.

आता कागद. सुरुवात क्विलिंगनं झाली, कागदाच्या बारीक पट्ट्या सुईवर गुंडाळून, चिमटीत दाबून पानं-पाकळ्या करायच्या ते. दिसायला नाजूक, पण माझ्या हातांना सगळ्यात महाग पडलं. एका फुलाला शंभरेक वेळा तीच चिमटी, तेवढ्याच जोरात. दोन वर्षांनी उजव्या अंगठ्यानं साफ नकार दिला. पट्ट्यांचा डबा पलंगाखाली आहे, अजून कुणाला देववत नाही. मग ओरिगामी करून पाहिली. तिच्यात निदान तळहात, मनगटाची कड, अख्खा हात वापरता येतो. सध्या मोठ्या कागदातून आकार कापते आणि एकावर एक चिकटवते.

आणि इथे मला मावशींच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचंय, कारण प्रश्न चुकीचा नव्हता. बाहेरून बघणाऱ्याला हात हलताना दिसतात, हातावरचं ओझं दिसत नाही. ए शून्य आकाराचा कागद एक चौरस मीटर असतो. तो चारदा निम्मा केला की ए४ होतो, म्हणजे सोळावा हिस्सा. ८० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम. तेव्हा आपल्या साध्या छपाईच्या कागदाचं एक पान भरतं ५ ग्रॅम. पाण्यानं भरलेलं मोठं पातेलं चार-पाच किलोला सहज जातं, आणि ते ओलं, निसरडं, मनगट वाकवून, उभ्यानं धरायचं असतं. कागदाला धारेची कात्री लागते, जोर लागत नाही. जोर लागायला लागला की समजावं पातं बोथट झालंय. पूर्वी मी एकच पातं महिनोन् महिने वापरायची काटकसर करायचे आणि त्याची किंमत खांदा भरायचा. आता कटरचं पातं कुरकुरलं की लगेच टोक मोडून टाकते. कात्री स्प्रिंगची आहे, दाबली की मिटते आणि आपोआप उघडते, त्यामुळे निम्मं काम तिचं ती करते. चिमटाही उलटा घेतलाय, दाबलं की उघडणारा, म्हणजे तुकडा धरून ठेवायला बोटं लागत नाहीत.

कागदाला धागा असतो हे तर मला फार उशिरा कळलं. कारखान्यात कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेनं झोपतात. त्या दिशेनं घडी घातली की ती अलगद बसते, आडवी घातली की कागद अडतो आणि जाड असेल तर घडीवर तडकतो. वर्तमानपत्र फाडून बघा, एका बाजूनं सरळ रेघेत फाटतं आणि दुसऱ्या बाजूनं वाकडंतिकडं. मी आता प्रत्येक नवा कागद आधी दोन्ही दिशांनी नुसता वाकवून बघते. ज्या रेघेवर सहज वाकतो, त्या रेघेच्या दिशेनं त्याचा धागा. मोठी घडी त्याच दिशेला यावी अशी मांडणी करते. तेवढ्यानं अंगठ्याचं बरंच काम वाचतं.

पण सगळ्यात मोठा फरक वेगळाच आहे. कागद थांबतो. मी वीस मिनिटांचा टायमर लावते. तो वाजला की फांदी जिथे असेल तिथे सोडते आणि दहा मिनिटं आडवी होते, दुखत असो वा नसो. दुखायच्या आधी थांबायचं हे शिकायला मला सहा वर्षं लागली. बरं वाटलं की सपाटून कामं उरकायची आणि मग तीन दिवस अंथरुणात, अशी माझी वर्षानुवर्षांची रीत होती. बिल लगेच येत नाही ना, म्हणून फसायला होतं. रविवारची कामं सोमवारी रात्री दुखतात. अर्धवट फांदी टेबलावर दोन आठवडे पडली तर तिचं काही बिघडत नाही. अर्धी घासलेली, साबण लावलेली भांडी टाकून आडवं व्हा बघू.

मज्जासंस्थेबद्दल वाचताना एक उपमा हमखास भेटते. कागदाला एकदा घडी पडली की तो पुन्हा तिथेच वाकतो, तशा नसा दुखायला शिकतात. मज्जारज्जू स्वतःच जास्त संवेदनशील होऊन साधा स्पर्शही वेदना म्हणून पुढे पाठवायला लागतो, हे क्लिफर्ड वुल्फ या शास्त्रज्ञानं १९८३ साली प्रयोगातून दाखवलं होतं. उपमा गोड आहे, पण मला पटत नाही. घडीत कागदाचे तंतू कायमचे दुमडतात, मोडतात. नसांचं तसं नसतं, त्या बदलतात, आणि थोड्या मागेही फिरू शकतात असं डॉक्टर सांगतात. मला तेवढी फट हवी आहे.

दुसरं एक वाक्य मात्र डोक्यात जातं: "कागदात मन रमलं की दुखत नाही ना? मग मनाचंच आहे ते." आधी दुरुस्ती, दुखतं. फक्त त्याच्याकडे सारखं बघत बसत नाही मी. आणि मन रमल्यानं दुखणं कमी जाणवतं याचं कारण शरीरातच आहे. मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की वेदनेचा निरोप वर मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एक झडप लागते, आणि ती किती उघडायची यात मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही हात असतो. पुढे त्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मुद्दा टिकला. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली व्याख्या सुधारली, तीत वेदना संवेदनेचा आणि भावनेचा असा दोन्ही मिळून अनुभव म्हटली आहे, आणि माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा मान राखावा असं सोबत स्पष्ट लिहिलंय. भांडताना लागतं म्हणून हे मी पाठ केलंय.

तरीही हौस म्हणजे औषध, असं मी म्हणणार नाही. औषध वेगळं आहे, ते मी घेते, रोज चालतेही. कागदानं मी बरी झालेले नाही. फांदी कापून काय मिळतं विचाराल तर फांदी मिळते. इतरांना हौस नुसती हौस म्हणून करता येते, मग आजारी माणसाच्याच हौसेला उपचाराचं सर्टिफिकेट का लागावं?

प्रेरणादायी फॉरवर्डही भरपूर येतात. हेन्री मातीस या फ्रेंच चित्रकाराचं तर दर दोन महिन्यांनी येतं. १९४१ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली, चाकाची खुर्ची आणि अंथरूण नशिबी आलं, तरी कात्री घेऊन रंगीत कागदातून अशी चित्रं कापली की जग बघत राहिलं. खरंच आहे, आणि ती चित्रं मला फार आवडतात. पण कागद रंगवायला, कापलेले तुकडे तो सांगेल तिथे भिंतीवर टाचायला मदतनीस होते, हे फॉरवर्डमध्ये नसतं. मेरी डिलेनी ही १७०० साली जन्मलेली इंग्रज बाई वयाच्या बहात्तरीत कागदाची फुलं कापायला बसली आणि दहा वर्षांत जवळपास हजार केली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा थांबली. थोर बाई. फक्त ती तेव्हा बराच काळ तिच्या सरदारीण मैत्रिणीच्या वाड्यावर असायची. या दोघांच्या घरी भांडी कोण घासत होतं, तेही कुणीतरी फॉरवर्ड करा.

आमच्या घरी नवरा घासतो, आणि तो दमतो. हे लिहिलं नाही तर पोस्ट खोटी होईल. दोन वर्षांपूर्वी तो एकदा सिंकपाशी उभा राहून म्हणाला, "मलाही एक बरा तास हवाय." मला राग आला, मग लाज वाटली, मग पुन्हा राग आला. आठवडाभर आम्ही कामापुरतं बोललो. शेवटी ठरलं की रात्रीची भांडी सकाळपर्यंत पडतील आणि संध्याकाळचा एक तास त्याचा. त्यात तो काहीही करत नाही, छताकडे बघत पडतो. मी त्याला त्या तासात हाक मारत नाही, तोही मला अकरा वाजता विचारत नाही की गॅस पुसायचा राहिलाय का. राहिलेला असतो. हल्ली घर जरा पसरलेलं दिसतं, ते त्यामुळे.

ही पोस्ट चार दिवसांत झाली, वीस-वीस मिनिटांनी, आणि ते चारही तास कागदाच्या वाट्याचे गेले. फांदी अर्धीच आहे.

मावशी, तुम्हाला बोल लावायला हे लिहिलेलं नाही. त्या दिवशी मी पाणी आणून दिलं तेव्हा तुम्ही पेला दोन्ही हातांनी धरलात, आणि टेकवताना जरा थांबलात. तुमच्या बोटांच्या पेरांवरच्या गाठी मी पाहिल्या. किती दिवस झाले? घरी कुणाला सांगितलंय का? पुढच्या वेळी याल तेव्हा अकराच्या सुमाराला या. स्प्रिंगची दुसरी कात्री आहे माझ्याकडे, ती काढून ठेवते.