दाजी, तो सक्शन कप विमानाला लावू नका

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ आला. पाठवणारे इस्लामपूरचे दाजी. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, सध्या कराडला विमान चालवायला शिकते. व्हिडिओतला गॉगलवाला ठासून सांगतो की फ्लाइंग स्कूलवाले पोरांना कॅमेरा लावू देत नाहीत, कारण त्यांना आपल्या चुका झाकायच्या असतात. मग त्याचे मुद्दे येतात. दीडशे ग्रॅमच्या कॅमेऱ्यानं विमानाला काही होत नाही. सक्शन कपनं तो बाहेर कुठंही चिकटवा, शेपटीवर तर एक नंबर शॉट येतो. आत नुसता हातात धरला तरी चालतो. व्हिडिओ बघून शिकलं की उड्डाणाचे तास वाचतात, म्हणजे लाखो रुपये वाचतात. आणि २००४ पासून विमानात शूटिंगला परवानगी लागतच नाही.

खाली दाजींची ओळ: "माउंट मागवलाय. सोलोच्या दिवशी लावूया." सोलो म्हणजे शिकणाऱ्यानं इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्यानं केलेलं उड्डाण.

माझी नोकरी हँगरमध्ये विमानं तपासण्यात आणि त्यावर सह्या करण्यात गेली. ग्रुपवर "असलं काही करू नका" एवढं लिहिलं, तर उत्तरादाखल अंगठे आले आणि व्हिडिओ सांगलीतल्या आणखी ग्रुपांवर गेला. म्हणून आता सविस्तर लिहितो.

दीडशे ग्रॅमचं आधी. वजनाचा प्रश्न नाहीच, प्रश्न वाऱ्याचा आहे. सेसना १७२ हे शिकवण्यासाठी वापरतात ते छोटं विमान साधारण ११० नॉटनं, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरनं उडतं. गाडीच्या खिडकीतून तळहात बाहेर काढल्यावर शंभरच्या वेगाला जो रेटा बसतो, त्याच्या चौपट रेटा दोनशेला बसतो, कारण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. सहा-सात सेंटिमीटरच्या कॅमेऱ्यावर हा जोर पाऊण ते एक किलोच्या घरात जातो. गणित कागदावर करून बघा. शिवाय तो एकसारखा नसतो. इंजिनाची थरथर आणि हवेतले धक्के यांच्यासोबत कॅमेरा सतत हलत राहतो.

आता सक्शन कप. तो कशानं चिकटतो? बाहेरची हवा त्याला दाबून धरते म्हणून. ५,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सहाव्या हिश्शानं कमी असतो, म्हणजे पकडही तेवढी ढिली. त्यात विमानाचा पत्रा काचेसारखा सपाट नसतो. रिव्हेटची डोकी असतात, पत्र्यावर पत्रा चढलेले सांधे असतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात उभ्या विमानावर बारीक धूळ बसलेली असते. दुकानात टाइलवर ओढून बघितलेला कप इथं काही सिद्ध करत नाही.

आणि सुटला तर? खाली कराडचा एसटी स्टँड असेल, उसात काम करणारी माणसं असतील. पण खाली पोचायच्या आधी त्याच्या वाटेत विमानाचीच शेपटी येऊ शकते. पंखावरून किंवा स्ट्रटवरून, म्हणजे पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरक्या दांड्यावरून, सुटलेली वस्तू वारा मागेच नेतो. मागे एलिव्हेटर आहे, ज्यानं विमानाचं नाक वर-खाली होतं. स्थिर भाग आणि हलणारा भाग यांच्या फटीत एखादा तुकडा अडकला की काय होईल, हे मी भाचीच्या आईसमोर बोलणार नाही.

तरी या माणसाचा सगळ्यात भयंकर सल्ला शेपटीचा आहे. एलिव्हेटर, एलेरॉन (पंखाचा हलणारा भाग), रडर (शेपटीचा उभा हलणारा भाग) यांचा तोल कारखान्यात ग्रॅमवर साधलेला असतो. नुसता रंग दिला तरी तो तोल पुन्हा तपासावा लागतो. रंग! भलत्या जागी थोडं वजन वाढलं की ठरावीक वेगाला तो भाग फडफडायला लागतो, याला आम्ही फ्लटर म्हणतो, आणि फ्लटर काही सेकंदांत शेपटी मोडू शकतो. तिथं हा गडी "एक नंबर शॉट" म्हणून कॅमेरा चिकटवायला सांगतो.

स्ट्रटही निर्धोक नाही. १७२ मध्ये डाव्या स्ट्रटच्या मागे, पंखाखाली, इंधनटाकीत हवा जाण्याची नळी असते. ती तिथंच का, याला कारण आहे: स्ट्रटच्या आडोशाला वारा कसा वाहतो ते बघून ती जागा ठरवलेली असते. वेग मोजणारी पिटोट ट्यूब त्याच पंखाखाली. पुढच्या कडेला स्टॉलची, म्हणजे पंखाची उचल सुटण्याची, सूचना देणारं छिद्र. यांच्या आसपास कॅमेरा ठेवून वारा बिघडवला, तर काटा खोटं बोलू शकतो आणि नवशिक्याला ते कळणारही नाही. माझ्या पेशात याला विमानातला बदल म्हणतात, आणि मान्यता नसलेल्या बदलावर मी सही करणार नाही. "अमेरिकेत सगळे लावतात" असंही व्हिडिओत आहे. तिथं लावतात, खरं आहे. म्हणून शिकाऊ विमानाला इंटरनेटवरून मागवलेला कप लावावा, असं त्यातून निघत नाही.

"हातात धरला तरी चालतो" याला एकच उत्तर पुरेसं आहे. ९ फेब्रुवारी २०१४. ब्रिटिश हवाई दलाचं व्हॉयेजर विमान, १९८ माणसं, काळ्या समुद्रावर. कॅप्टन फोटो काढत होता. कॅमेरा त्यानं आर्मरेस्ट आणि साइडस्टिक (विमान वळवायची बाजूची दांडी) यांच्यामध्ये ठेवला. पुढे सीट सरकवली तेव्हा आर्मरेस्टनं कॅमेरा ढकलला, कॅमेऱ्यानं स्टिक ढकलली, आणि विमान २७ सेकंदांत ४,४०० फूट खाली गेलं. माणसं छताला आपटली. लष्करी चौकशीत हे सगळं निष्पन्न झालं. ते विमान वाचलं, कारण एअरबसमध्ये स्वतःला सावरणारी यंत्रणा असते आणि खाली भरपूर उंची शिल्लक होती. आता शिकाऊ विमानाकडे या. तशी यंत्रणा नाही. आणि टेक-ऑफ-लँडिंगचा सराव होतो ते सर्किट साधारण १,००० फुटांवर असतं. ४,४०० फूट आणायचे कुठून? पायाशी पडून रडरच्या पॅडलखाली गेलेला कॅमेरा सोलोच्या दिवशी काढून द्यायला शेजारी इन्स्ट्रक्टरही नसतो.

सांगलीजवळच्या कवलापूरची धावपट्टी वर्षानुवर्षं ओसाड पडलेली, त्यामुळे आमच्या सांगलीकरांनी छोटं विमान जवळून पाहिलेलंच नाही. व्हिडिओवर पटकन विश्वास बसतो तो यामुळेही.

तास वाचतात हे धादांत खोटं. व्यावसायिक लायसन्सला २०० तास लागतात आणि ते उडूनच भरावे लागतात.

परवानगीचं अर्धवट खरं आहे. २००४ ची सवलत एअरलाइनच्या प्रवाशांसाठी होती, तीही अटींसह. उडत्या विमानातून फोटो काढायला लेखी परवानगी हवी, असं १९३७ च्या विमान नियमांतला १३ वा नियम सांगतो. सप्टेंबर २०२० मध्ये चंडीगड-मुंबई विमानात कॅमेरेवाल्यांनी गोंधळ घातला, तेव्हा डीजीसीएनं, म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकानं, याच नियमावर बोट ठेवलं होतं. शिकाऊ पायलट हा प्रवासी नव्हे. स्कूलच्या ऑफिसात विचारा, तिथं सांगतील.

राहिला "चुका झाकतात" हा आरोप. काही ठिकाणी कॅमेऱ्याला नाही म्हणण्यामागे आळस असतो, हे मी नाइलाजानं कबूल करतो. कॅमेरा उपयोगी आहेच. फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, नजर कुठं होती, चेकलिस्टमधली कुठली ओळ गाळली, इन्स्ट्रक्टर काय ओरडला, हे उतरल्यावर शांतपणे बघता येतं. २०१४ च्या मे महिन्यात कोलोरॅडोत एक सेसना १५० पडलं, दोघं गेले. पायलटचं मोबाइलमुळे लक्ष विचलित झालं होतं, असं अमेरिकेच्या तपास मंडळानं म्हटलं. त्याला आधार कशाचा, तर विमानातल्याच गोप्रो या छोट्या कॅमेऱ्यावर सापडलेल्या आधीच्या उड्डाणांचा, ज्यांत तो आणि सोबतचे सेल्फी काढताना दिसत होते.

तेव्हा लावायचाच असेल तर आत लावा, स्कूलच्या चीफ इन्स्ट्रक्टरला आणि मेंटेनन्सवाल्यांना दाखवून. मागच्या बाजूला, कुणाच्या नजरेच्या वाटेत येणार नाही आणि दाराच्या वाटेत नाही असा. माउंट सुटला तरी पॅडलपर्यंत पोचणार नाही एवढ्याच लांबीची दोरी वेगळी बांधलेली. लोहचुंबकाचा माउंट नको. कॅमेरा ठेवण्यापूर्वी आणि ठेवल्यावर होकायंत्राचा काटा बघा, हलला तर जागा बदला. पॉवर बँक आणि लोंबती वायर नको. रेकॉर्डिंग इंजिन सुरू करण्याआधी चालू करायचं आणि विमान जागेवर लागून इंजिन थांबल्यावर बंद करायचं. मधल्या वेळात कॅमेरा चालू आहे की बंद पडलाय, हे वळून बघायचंसुद्धा नाही.