नऊ दिवसांच्या सहलीत जंगलाचे दिवस किती?

गेल्या चार महिन्यांत आमच्या घरात ज्या एका कागदावरून सर्वांत जास्त वाद झाले, तो कागद आत्ता माझ्यासमोर आहे. वर सिंहाचे चित्र, खाली निळ्याशार पाण्याचे, आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘आफ्रिका : जंगल आणि समुद्र, ८ रात्री ९ दिवस’. या सहलीसाठी आम्ही सात वर्षे रिकरिंगमध्ये पैसे टाकले आहेत. केनियातल्या अंबोसेलीच्या मैदानात हत्तींचा कळप आणि त्यामागे बर्फाचा किलिमांजारो पर्वत हे दृश्य माझ्या एकाहत्तर वर्षांच्या सासूबाईंनी टीव्हीवर पाहिले, तेव्हापासून त्यांच्या मनात ते घर करून आहे. त्यामुळे या कागदातील प्रत्येक ओळ मी आता पाठ झाल्यासारखी वाचली आहे, आणि जितक्या वेळा वाचते तितका माझा संताप वाढतो.

सुरुवात मे महिन्यापासून झाली. मुलीची परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात संपणार होती, म्हणून आम्ही त्या सहल कंपनीच्या कार्यालयात जाऊन मे महिन्यात पूर्व आफ्रिकेत जाणे योग्य ठरेल का, असा सरळ प्रश्न विचारला. समोरच्या तरुणाने क्षणभरही विचार न करता सांगितले, “मॅडम, मे एकदम बेस्ट. मायग्रेशन बघायला मिळेल, नदी ओलांडताना.” मार्च ते मे हा त्या भागातला मोठ्या पावसाचा काळ असतो, त्याला स्वाहिलीत ‘मसिका’ असे नावच आहे, आणि एप्रिल-मेमध्ये तो इतका कोसळतो की कित्येक कॅम्प त्या दोन महिन्यांत बंद ठेवले जातात, हे त्याने सांगितले नाही. केनियातल्या मसाई मारा या अभयारण्यातील बरीच जमीन आपल्या मराठवाड्या-विदर्भातल्यासारखी काळी, चिकट माती आहे. पावसात तीत गाडीची चाके कशी रुततात हे ज्याने काळ्या रानातली पायवाट पाहिली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. ज्या कळपांच्या स्थलांतराबद्दल तो बोलत होता ते लाखो वाइल्डबीस्ट, म्हणजे हरणांच्या जातीचे मोठे प्राणी, मे महिन्यात शेजारच्या टांझानियात, सेरेंगेटीच्या मध्य आणि पश्चिम भागात असतात. मारा नदी ओलांडण्याचा काळ साधारण जुलै ते ऑक्टोबर हा आहे. ही माहिती गुप्त नाही. रोज हेच विकणाऱ्या माणसाला ती नसेल तर तो अज्ञानी आहे, आणि असूनही त्याने सांगितली नसेल तर त्याने आम्हाला फसवले आहे. यातले काय खरे, ते मला अजून कळलेले नाही.

पावसाचे आम्ही आमचेच शोधून काढले आणि सहल दिवाळीच्या सुट्टीत हलवायला सांगितली. तेव्हाही ऑक्टोबर संपता संपता कळप दक्षिणेकडे परतू लागतात, आणि नोव्हेंबरमध्ये तिथे ‘वुली’ हा छोटा पाऊस सुरू होतो, असे कोणी म्हणाले नाही. आगाऊ रक्कम मात्र त्याच दिवशी भरून घेतली. तीन आठवड्यांनी ‘वाढीव शुल्क’ अशा दोन शब्दांच्या मथळ्याखाली पत्र आले. मसाई माराचे परदेशी प्रौढ प्रवाशासाठीचे प्रवेशशुल्क २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे, शिवाय ते सकाळी सहा ते संध्याकाळी सहा अशा बारा तासांपुरतेच चालते. आमचे अंदाजपत्रक मेच्या दराने तयार झाले होते, तारखा बदलल्यावर ते कोणी उघडूनही पाहिले नव्हते. चार प्रौढ माणसे आणि दोन दिवस धरले तर ८०० डॉलरचे १,६०० झाले. दर वाढला याबद्दल माझी तक्रार नाही. तो तिथल्या प्रशासनाचा अधिकार आहे आणि जंगल राखायला पैसा लागतोच. पण पैसे घेण्याआधी हा आकडा सांगणे ज्याचे काम होते, त्याने तो पैसे घेतल्यानंतर सांगितला, आणि वर “मॅडम, हे आमच्या हातात नसते” असे म्हणून हात झटकले.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले आणि नऊ दिवसांचा तासातासाने हिशेब मांडला. पहिला दिवस मुंबई ते नैरोबी विमानात गेला. दुसऱ्या दिवशी नैरोबीहून अंबोसेलीपर्यंत चार-पाच तास गाडी, दुपारचे जेवण आणि संध्याकाळची एक फेरी. तिसऱ्या दिवशी ‘न्याहारीनंतर नैवाशाकडे प्रस्थान’, म्हणजे पुन्हा नैरोबीच्या रहदारीतून त्या सरोवरापर्यंत सहा-सात तास. किलिमांजारो दिवसभर ढगांत असतो आणि बहुधा पहाटे किंवा संध्याकाळी मोकळा होतो, त्यामुळे ज्या एका पहाटेसाठी सासूबाई सात वर्षे थांबल्या आहेत त्या पहाटे त्या बॅग भरत असणार आणि न्याहारीच्या रांगेत उभ्या असणार. चौथ्या दिवशी नैवाशाहून नारोकमार्गे मारा, पुन्हा पाच तास. सहाव्या दिवशी सकाळी माराहून निघून नैरोबी विमानतळ आणि संध्याकाळी झांझिबार बेटाचे विमान. नवव्या दिवशी परत. मी हे तीनदा मोजले. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत प्राणी पाहण्याचा पूर्ण दिवस या सहलीत एकच आहे, पाचवा, आणि समुद्राचे पूर्ण दिवस दोन. उरलेले सगळे दिवस गाडीच्या किंवा विमानाच्या खिडकीत जातात, तरीही तेही ‘सफारीचे दिवस’ म्हणूनच विकले जातात. अंबोसेलीत दोन रात्री आणि मारात दोन रात्री राहून नैवाशा गाळले असते तर हीच सहल माणसासारखी झाली असती. पण मग कागदावर तीनच नावे उरली असती, आणि शेजारच्या कंपनीच्या कागदावर पाच असतात.

सासूबाईंच्या कंबरेला इतका प्रवास झेपणार नाही म्हणून मी नैरोबी ते मारा छोट्या विमानाबद्दल विचारले. “होईल, जास्तीचे पैसे भरा,” एवढेच उत्तर मिळाले. ती विमाने आपण मुंबईहून जिथे उतरतो त्या विमानतळावरून सुटत नाहीत, ती विल्सन नावाच्या दुसऱ्या विमानतळावरून सुटतात. त्यांत माणशी सर्वसाधारणपणे १५ किलोच सामान चालते, हातातली पिशवीही त्यातच मोजतात, आणि बॅग मऊ कापडाची लागते, कारण छोट्या विमानाच्या पोटात कडक कवचाची बॅग मावत नाही. हे सगळे मी स्वतः वाचून काढले. तोपर्यंत आम्ही चार कडक बॅगा विकत घेऊन बसलो होतो, तीही त्याच कार्यालयाने दिलेल्या ‘तयारीची यादी’ नावाच्या पत्रकात ‘मजबूत ट्रॉली बॅग’ असे लिहिले होते म्हणून.

त्याच यादीत ‘कोरडा खाऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून घ्यावा’ असेही लिहिले आहे. केनियाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर ऑगस्ट २०१७ मध्येच बंदी घातली आणि टांझानियाने जून २०१९ मध्ये. झांझिबार टांझानियातच आहे. मी हे फोनवर सांगितले तर पलीकडून उत्तर आले, “कोणी बघत नाही हो.” दुसऱ्याच्या देशाचा कायदा आमच्या वतीने मोडायला सांगणारा हा माणूस विमानतळावर आमच्यासोबत उभा राहणार आहे का? परवा सासूबाईंनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून चिवड्याच्या पिशव्या एकेक करून सोडल्या आणि चिवडा जुन्या कापडी पिशव्यांत भरला, तेल लागू नये म्हणून आत बटरपेपर लावून. स्टीलचे डबे त्यांनी हातात घेऊन तोलले आणि परत फडताळात ठेवले, कारण वजन. हे करताना त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र त्या कार्यालयाची अक्षरशः चीड आली.

समुद्राचे तर विचारूच नका. कागदावरचे चित्र झांझिबारच्या उत्तर टोकाच्या नुंगवीचे आहे, जिथे दिवसभर पोहता येण्याइतके पाणी राहते. आमचे हॉटेल आहे पूर्व किनाऱ्यावर, पाजे गावात. पूर्व किनाऱ्यापासून दूर प्रवाळाची रांग आहे आणि ओहोटीला पाणी मागे सरत थेट तिथपर्यंत जाते. मधला सगळा पट्टा उथळ वाळूचा, अर्चिन या काटेरी समुद्री जीवांचा, आणि तिथल्या बायका समुद्रशैवाल पिकवतात त्या वाफ्यांचा. किनारा सुंदरच आहे, त्या बायकांना काम करताना पाहणेही मला आवडेल. पण पोहायला जाणाऱ्या माणसाला हे आधी माहीत असायला हवे. माझ्या सासूबाई गुहागरच्या आहेत. त्या कार्यालयात आमच्यासोबत आल्या होत्या तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : “तिथे भरती किती वाजता असते?” समोरचा तरुण हसला आणि म्हणाला, “आजी, तिथे समुद्र नेहमी छानच असतो.” ज्या बाईने लहानपणी तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढली, तिला हे उत्तर! झांझिबारची वेळ कोकणातल्या हिशेबाने येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी विचारले. घरी येऊन त्या एवढेच म्हणाल्या, “अगं, दिवाळी म्हणजे अमावास्या. उधाण असणार. उधाणाला भरती मोठी तशी ओहोटीही मोठी.” मी तक्ते पाहिले. उधाणाला तिथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत जवळपास चार मीटरचा फरक पडतो. आमच्याकडे पूर्ण दिवस दोनच, आणि ते नेमके याच काळात येतात. हॉटेल उत्तरेला बदलून मागितले तर ‘श्रेणीबदल शुल्क’.

आणि हे सारे एका बाजूला ठेवले तरी ज्या गोष्टीवरून मी त्या माणसावर खरोखर ओरडले, ती म्हणजे पिवळ्या तापाची लस. केनियातून झांझिबारला जाताना तिचे प्रमाणपत्र मागतात आणि केनियातून भारतात परतताना आपल्याकडेही मागतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस अधिकृत केंद्रावरच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. पण ही जिवंत विषाणूची लस आहे, आणि साठीनंतर ती प्रथमच घेणाऱ्या माणसाला गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो, म्हणून डॉक्टरांनी माणूस तपासून निर्णय घ्यायचा असतो. हे आमच्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मी हादरले, कारण कंपनीच्या पत्रकात लसीबद्दल ‘औपचारिकता’ हा एकच शब्द आहे. मी फोन करून सासूबाईंचे वय सांगितले. उत्तर आले, “मॅडम, आजींना टोचायचे नसेल तर नुसते कार्ड मिळवून देतो.” खोटे प्रमाणपत्र! एकाहत्तर वर्षांच्या बाईला रोगाच्या प्रदेशात लशीशिवाय पाठवायचे, खोट्या कागदावर सीमा ओलांडायला लावायची, आणि हे असे सांगायचे जणू रिक्षाचे सुटे पैसे देतो आहे.

व्हिसाचेही थोडक्यात सांगते. “एकच व्हिसा दोन्हीकडे चालतो” असे आम्हाला पहिल्या दिवशी सांगितले गेले. पूर्व आफ्रिकेचा तो सामाईक पर्यटक व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडा यांच्यासाठी आहे. टांझानिया त्यात नाही. केनियाची ऑनलाइन प्रवासपरवानगी वेगळी, टांझानियाचा व्हिसा वेगळा, आणि ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारचा सक्तीचा विमा वेगळा, माणशी ४४ डॉलर. यातले एकही नाव ‘समाविष्ट’ किंवा ‘समाविष्ट नाही’ यांपैकी कोणत्याच रकान्यात नाही.

डॉक्टरांची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे. सासूबाईंना लस देता येणार नाही असे ते म्हणाले तर आम्ही कोणीच जाणार नाही, हे घरात ठरले आहे आणि त्यावर चर्चा नाही. पण त्याआधी उद्या सकाळी मी त्या कार्यालयात जाणार आहे. तासांचा मांडलेला हिशेब, जुने आणि नवे अंदाजपत्रक, भरतीचा तक्ता आणि ती ‘तयारीची यादी’ एका फाइलमध्ये लावली आहे. आगाऊ भरलेली पूर्ण रक्कम परत द्या, असे लेखी मागणार आहे, आणि पोच शिक्क्यानिशी हातात पडेपर्यंत तिथल्या खुर्चीवरून उठणार नाही.