हॅटट्रिक खाल्लेल्या संघाचं पुढे काय झालं?

कोल्हापूरहून मामांचा फोन आला की गाडी फुटबॉलवर येतेच. हल्ली त्यांचा एक मुद्दा ठरलेला असतो: बायकांच्या फुटबॉलमधले विक्रम धरायचेच कशाला? एकेका सामन्यात अकरा गोल होत असतील, तर तिथल्या हॅटट्रिकला, म्हणजे एकीनेच एका सामन्यात केलेल्या तीन गोलांना, किंमत ती काय? सीमारेषा जवळ असते म्हणून महिला क्रिकेटच्या षटकारांना नाकं मुरडतात, त्यातलाच हा प्रकार. मी राहते फ्रान्समधल्या ल्योंमध्ये, युरोपातल्या महिला क्लब फुटबॉलच्या पंढरीत. तरीही मामांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. आकडे त्यांच्या बाजूने आहेत. त्यांनी त्यातून काढलेला अर्थ मला पटत नाही.

१ डिसेंबर २०१९ चा सामना घ्या. इंग्लंडच्या महिला सुपर लीगमध्ये आर्सेनलने ब्रिस्टल सिटीला ११-१ असं हरवलं. विवियान मीडेमाने एकटीने सहा गोल केले आणि चार गोलांसाठी सहकाऱ्यांना पास दिले. अकरापैकी दहा गोलांत तिचा पाय होता, आणि सामना संपायच्या आधीच तिला विश्रांतीसाठी बाहेर बोलावलं होतं! मार्च २०२१ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीने ६-० असा विजय मिळवला, सॅम करने हॅटट्रिक केली. समोर कोण? पुन्हा ब्रिस्टल सिटी. त्याच मोसमाअखेर ब्रिस्टल खालच्या श्रेणीत गेली. २०२३ मध्ये वर आली, २०२४ मध्ये परत खाली. हीच सॅम कर जानेवारी २०२२ मध्ये आशियाई चषकासाठी ऑस्ट्रेलियाकडून अंधेरीत खेळली तेव्हा इंडोनेशियाविरुद्ध तिने पाच गोल केले. सामना १८-० असा सुटला. मामा आजही त्याचा दाखला देतात.

पण हॅटट्रिकचा हिशोब मारणारीच्या नावापाशी संपवायचा नसतो. ती ज्यांनी खाल्ली त्यांचं पुढे काय झालं, हेही विचारायला हवं.

१८ मे २०१९, बुडापेस्ट. युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, चॅम्पियन्स लीगच्या, अंतिम फेरीत आमची ल्यों आणि बार्सिलोना. पाचव्या मिनिटाला मारोझानने पहिला गोल केला आणि मग आडा हेगरबेर्ग सुटली: १४ वं मिनिट, १९ वं, ३० वं. सोळा मिनिटांत तीन गोल. महिला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यातली ती पहिलीच हॅटट्रिक. मध्यंतराला ४-० होते. बार्सिलोनाला शेवटी एक गोल करता आला, तोही अगदी अखेरीस. त्या संध्याकाळी कुणीही म्हणालं असतं की या दोन संघांची एका मैदानावर गाठ घालणंच चूक आहे.

बार्सिलोनाने तसं मानलं नाही. त्यांनी पैसा घातला, वेळ दिला, ला मासिया या आपल्या प्रशिक्षण अकादमीच्या वसतिगृहाची दारं २०२१ मध्ये मुलींसाठी उघडली. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात गोथेनबर्गला त्यांनी चेल्सीला ४-० हरवून चषक नेला, चारही गोल पहिल्या ३६ मिनिटांत. आणि २०२४ मध्ये बिल्बाओतल्या अंतिम सामन्यात त्यांनी ल्योंलाच २-० हरवलं. गोल ऐताना बोनमती आणि अलेक्सिया पुतेयासचे. अलेक्सिया बुडापेस्टच्या त्या पराभवात मैदानावर होती. मी ल्योंची, त्यामुळे त्या दिवशी जेवण गेलं नाही, पण मनातून त्या संघाला सलाम केला.

दोन्ही क्लबांनी मार खाल्ला होता. एकाच्या मागे पाठबळ उभं राहिलं, दुसरा वर-खाली होत राहिला. मोठ्या फरकाच्या विक्रमांमधून आधी ही दरी दिसते. मीडेमाचे सहा गोल त्यामुळे खोटे ठरत नाहीत. तिने समोर आलेल्या संघाविरुद्ध खेळून दाखवलं, तो संघ तिने निवडला नव्हता.

इथल्या मोठ्या स्टेडियममध्ये २०२५ पर्यंत महिलांचे मोजकेच सामने व्हायचे, बाकीचे डेसीनच्या सराव केंद्रातल्या छोट्या मैदानावर. तिथे मी एका पाहुण्या संघाची गोलकीपर पाहिली. सहा गोल खाऊन झालेले. तरी प्रत्येक कॉर्नरला बचावपटूंच्या खांद्याला धरून ती त्यांना जागेवर आणत होती, पोस्टपाशी कुणाला उभं करायचं ते ओरडून सांगत होती. फ्रान्समधल्या छोट्या क्लबांच्या कित्येक खेळाडू तेव्हा शिक्षण किंवा नोकरी सांभाळून खेळायच्या. ल्योंने २००७ ते २०२० सलग चौदा वेळा लीग जिंकली, ती अशा संघांविरुद्ध. इथल्या लोकांनाही ते खुपत होतं. २०२४ मध्ये महिलांसाठी वेगळी व्यावसायिक लीग स्थापन झाली, ती त्याच दिशेने.

खुद्द हेगरबेर्गलाही पाठबळाची ही दरी पुरती ठाऊक होती. नॉर्वेत महिला फुटबॉलला मिळणाऱ्या वागणुकीवर नाराज होऊन तिने २०१७ मध्ये राष्ट्रीय संघ सोडला. बुडापेस्टच्या हॅटट्रिकनंतर तीन आठवड्यांत फ्रान्समध्ये विश्वचषक सुरू झाला, अंतिम सामना तिच्याच ल्योंमध्ये झाला, आणि ती त्या स्पर्धेत नव्हती. राष्ट्रीय संघात ती परतली थेट २०२२ मध्ये.

आता आपल्याकडे या. २०२३-२४ च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये सात संघ होते, प्रत्येकाच्या वाट्याला बारा सामने. महाराष्ट्र-गोव्यातला त्यात एकही संघ नव्हता. इंग्लंडमध्ये तेव्हा बारा संघ बावीस सामने खेळायचे, तिथेही ११-१ झालं. मग बारा सामन्यांत आपल्या मुली किती शिकणार? बाला देवी ग्लासगोच्या रेंजर्सकडे गेली, मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलोनकडून चॅम्पियन्स लीग खेळली. दोघींनाही त्यासाठी देश सोडावा लागला.

मामा पाटाकडील तालमीचे. कोल्हापुरात तालमींचेच फुटबॉल संघ असतात. शाहू स्टेडियमवर तालमींचा सामना असला की अख्खी पेठ गॅलरीत असते, वर्गणी निघते, खेळाडूंच्या बुटांची सोय होते. मुलींच्या संघामागे तेवढी पेठ उभी राहिलेली मी अजून पाहिलेली नाही. परवा मामांना हेच म्हटलं: तुमच्या तालमीने मुलींचा संघ बांधा, चार मोसम नेटाने चालवा, पहिल्या वर्षी दहा-दहा गोल खाल्ले तरी चालवा. मामा म्हणाले, बैठकीत विषय काढतो.