बोर्ड गेला! आता काय करावे?

घरातले बल्ब अचानक लख्ख पेटले, पंखा विमानासारखा घोंगावू लागला, तर मेन स्विचकडे धावू नका. शांतपणे बघत राहा. डीपीवरचा, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल (विजेची परतीची तार) सुटलेला असतो आणि २३०च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट घरात आलेले असतात. असा योग रोज येत नाही. आमच्याकडे गेल्या आठवड्यात आला. टीव्ही, फ्रिज, राऊटर, सगळे एका फटक्यात गेले.

न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर (वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी जिच्यावर) लोड कमी, तिथे व्होल्टेज चढतं. म्हणजे दुसऱ्या फेजवरच्या मागच्या इमारतीत एसी, गिझर सगळं चालू, तिथे दिवे नुसते मंद झाले. आम्ही दिवे विझवून वीज वाचवत बसलो होतो, आमचं जळलं. तेव्हा काटकसर करा, अवश्य करा.

एमसीबी, म्हणजे मीटरजवळचा आपोआप पडणारा स्विच, पडली नाही म्हणून तिला दोष देऊ नका. करंट वाढला तर ती पडते. व्होल्टेजशी तिचं काही देणंघेणं नाही.

वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा. वायरमन यायच्या आत 'तक्रारीचे निवारण झाले' असा मेसेज येईल, तो जपून ठेवा.

स्टॅबिलायझर आता घ्या. बैल गेला आणि झोपा केला, पण झोपा तरी झाला.

मग टीव्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा. व्हिजिट चार्ज आधी, नमस्कार नंतर. मुलगा येतो, मागचं झाकण उघडतो, आतल्या सर्किट बोर्डावर टॉर्च मारतो आणि म्हणतो, "सर, बोर्ड गेला." मीटर लावून बघितलं का? नाही. कुठला पार्ट गेला? "सर, आम्ही बोर्डच बदलतो." वॉरंटी? "व्होल्टेजचं वॉरंटीत बसत नाही सर." बोर्डाची किंमत ऐकून तुम्ही भिंतीला टेकलात की लगेच एक्स्चेंज ऑफर निघते. बरं, जुना बोर्ड तरी ठेवून जा म्हटलं, तर तोही परत न्यायचा असतो! अरे, माझ्या पैशाने घेतलेला टीव्ही, त्यातला माझा जळका बोर्ड, आणि मलाच मिळणार नाही? का नेता, ते माहीत आहे आम्हाला. २३० व्होल्टचे आत डीसी झाले की सव्वातीनशे होतात आणि चारशेचे साडेपाचशेच्या वर जातात. साडेचारशे व्होल्टपर्यंतच टिकणारा कपॅसिटर फुगणार नाही तर काय करणार? त्याच्या शेजारी ती निळी चकती, व्हेरिस्टर, स्वतः जळून फ्यूज उडवते आणि पुष्कळदा बाकीचा बोर्ड वाचवते. फ्यूज, चकती, कपॅसिटर, फार तर एखादा मोसफेट (छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच). पुण्यात तपकीर गल्लीतून हे सगळं खिशात मावेल एवढ्या पुडीत घेऊन येता येतं. बसवायला सोल्डरिंग गन आणि अर्धा तास. पण कंपनीवाल्यांनो, हे करणारे दुकानदार तुम्हीच उपाशी मारलेत. सर्किट डायग्राम देत नाही, सुटे पार्ट देत नाही. २०२२ साली केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, ते या मुलाला विचारून बघा. तो ऑफरचं पत्रक काढेल.

भरपाईसाठी वीज कंपनीकडे अर्ज करा. किती वाजता किती व्होल्ट आले याचा पुरावा मागतील. मल्टिमीटर उशाशी घेऊनच झोपत जा.

छे, पुरे झाली थट्टा. तारेच्या टोकाला लग (धातूची टोपी) बसवून नट आवळायचा असतो तिथे तारेला तार पिळून लाइन चालू केली जाते, हे अख्ख्या गल्लीने पाहिलंय. पिळणारा कंत्राटी पोरगा, हातात मोजेसुद्धा नाहीत. राग त्याच्यावर नाही. त्याला तसा खांबावर चढवणाऱ्यांनो, स्थिर आकार आणि वहन आकार दरमहा घेता ना? मग न्यूट्रल कोण आवळणार?

आणि सोसायटीच्या सभासदांनो, तुम्हीही गप्प बसू नका. ओव्हरव्होल्टेजला लाइन तोडणारं यंत्र आणि धड अर्थिंग म्हटलं की 'पुढच्या मीटिंगला बघू', आणि लॉबीला ग्रॅनाइट मात्र एकमताने! रविवारी मीटिंग आहे. या, आणि येताना चेकबुक आणा.