पावसात टायरची हवा कमी करू नका : 'सात गुपितां'च्या मेसेजला उत्तर

'हाय-परफॉर्मन्स ऑल-सीझन टायर : रोजच्या गाडीसाठी सात गुपितं' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. एकदोन ग्रुपवर दिसला तेव्हा मी सोडून दिला. मग तोच मेसेज माझ्या धाकट्या बहिणीने पाठवला. ती रोज महामार्गाने कामाला जाते, भर पावसातही जाते. खाली तिने विचारलं होतं, "दादा, यातलं पाचवं आजच करून घेऊ का?"

पाचवं गुपित असं (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) : 'पाऊस सुरू झाला की चारही टायरची हवा ५-६ पीएसआयने उतरवा. टायर रस्त्याला जास्त टेकतो, पकड वाढते, गाडी घसरत नाही.'

नको. अजिबात करू नकोस. आणि ज्यांनी करून घेतलं असेल त्यांनी आजच हवा पुन्हा भरून घ्या. बाकीच्या सहा मुद्द्यांत चुका आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांनी फार तर पैसे वाया जातील किंवा टायर लवकर झिजतील (सहावा सोडून, त्याच्याकडे शेवटी येतो). हा पाचवा मुद्दा माणसाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

साचलेल्या पाण्यातून चाक जातं तेव्हा समोरचं पाणी बाजूला सारल्याशिवाय रबर डांबरापर्यंत पोचत नाही. वेग वाढला की पाण्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. ते टायरच्या पुढ्यात पाचरीसारखं साठतं आणि टायरला खालून वर ढकलू लागतं. हा ढकलणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. तो टायरमधल्या हवेच्या दाबाला भिडला की टायर उचलला जातो आणि गाडी पाण्यावर तरंगते. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक दाबून काही होत नाही, इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं मोकळी फिरल्यामुळे इंजिनचा आवाज अचानक चढतो. ज्याने हे एकदा अनुभवलंय त्याला ते हलकं स्टिअरिंग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हे माझं मत नाही. नासाच्या लँग्ली केंद्रातले वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेअर यांनी ओल्या धावपट्टीवर विमानं का घसरतात याचा अभ्यास केला आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातलं सूत्र आजही वापरलं जातं आणि ते कुणालाही करून बघता येईल इतकं सोपं आहे. हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ९ ने गुणा. टायर कोणत्या वेगाला पाण्यावर उचलला जाईल ते नॉटमध्ये (विमानं-जहाजांचा वेग मोजायच्या एककात) मिळतं. ३६ पीएसआयचं वर्गमूळ ६, गुणिले ९ म्हणजे ५४ नॉट, म्हणजेच ताशी १०० किलोमीटर. आता मेसेजचं ऐकून ६ पीएसआय उतरवा. ३० पीएसआयला हाच वेग येतो ताशी सुमारे ९१ किलोमीटर. २५ पर्यंत उतरवलात तर ८३. म्हणजे जी गाडी ९५ च्या वेगाला रस्ता धरून होती, तीच आता तरंगेल, आणि चालकाला वाटत राहणार की आपण खबरदारी घेतली आहे.

सूत्राच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर कुणीतरी तेवढंच पकडून बसेल. ते विमानाच्या टायरवरून निघालं आहे. पाणी इतकं साचलेलं आहे की टायरच्या खाचांना ते बाहेर फेकता येत नाही, असं त्यात गृहीत धरलंय. तुमच्या टायरला भरपूर ट्रेड (रस्त्याला टेकणारा खाचांचा थर) शिल्लक असेल तर गाडी त्याहून जास्त वेगापर्यंत तग धरेल. पण टायर झिजत जातो तसतसे आपण त्या आकड्याकडे सरकत जातो. आणि कमी दाबाचा उलटा परिणाम खाचांवरही होतो. हवा कमी असली की भार टायरच्या दोन कडांवर जातो, मधला पट्टा आत दबतो आणि पाणी वाहून न्यायला असलेल्या मधल्या खाचा मिटायला लागतात.

ही कल्पना आली कुठून, तेही मला ठाऊक आहे. वाळूत गाडी घालणारे लोक हवा उतरवतात आणि तिथे ते बरोबरच आहे. मऊ जमिनीत टायर रुतू नये म्हणून ठसा (टायरचा जमिनीला टेकणारा भाग) मोठा हवा असतो आणि वेगही अगदी कमी असतो. पण ते लोक डांबरी रस्त्यावर परत येताना आधी हवा भरून घेतात. मेसेज लिहिणाऱ्याने अर्धी गोष्ट उचलली आणि ओल्या महामार्गावर आणून ठेवली.

शिवाय पाऊस थांबल्यावर हवा पुन्हा भरायला कोण जाणार आहे? कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जास्त दबतो, साईडवॉल (टायरची बाजूची भिंत) तापते, आणि लांबच्या प्रवासात, वेगात, भरल्या गाडीत ती उष्णता टायरची आतली बांधणी सैल करते. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन या टायर कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले, त्यांतले बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते. ट्रेडचा थर सुटून गाड्या उलटत होत्या. फोर्डने त्या गाडीसाठी २६ पीएसआय सुचवलेले होते. दोष टायरच्या बांधणीचा, गाडीचा की कमी दाबाचा, यावर दोन्ही कंपन्या जाहीरपणे भांडल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत 'ट्रेड' नावाचा वाहन-सुरक्षेचा कायदा झाला आणि त्यातूनच हवेचा दाब सांगणारा डॅशबोर्डवरचा दिवा बंधनकारक झाला. पण त्या दिव्याच्या भरवशावरही राहू नका. अमेरिकी नियमात दाब शिफारशीच्या २५ टक्के खाली गेल्यावर तो लागलाच पाहिजे, इतकीच अट आहे. ३६ मधून ६ उतरवले तर ते जेमतेम १७ टक्के होतात. दिवा गप्प राहू शकतो.

दाब किती ठेवायचा हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या साईडवॉलवरचा मोठा आकडा तो नव्हे. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे. हवा तपासायची ती टायर थंड असताना, गाडी काढण्याआधी.

याच्याच पोटात चौथा मुद्दा येतो : 'रुंद टायर घ्या, पाण्यात पकड वाढते.' कोरड्या रस्त्यावर, वळणावर रुंद टायरचा फायदा होतो, एवढं मान्य. साचलेल्या पाण्यात मात्र जितका रुंद टायर तितकं जास्त पाणी बाजूला सारायचं काम. खुद्द हॉर्न यांनीच १९८४ मध्ये ठशाच्या आकाराचा विचार सूत्रात आणला. रुंद आणि आखूड ठसा लांबट ठशापेक्षा कमी वेगाला तरंगतो. २०५/५५ आर१६ च्या जागी २२५/४५ आर१७ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साईडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के, 'आर'पुढचा रिमचा व्यास इंचांत) घातला तर साईडवॉलची उंची सुमारे ११३ मिलिमीटरवरून १०१ वर येते. खड्ड्यात रिमला मार बसण्याआधी मधे असलेली उशी तेवढी कमी होते. हौस म्हणून घ्यायचा तर घ्या, पण पावसासाठी घेतला असं सांगू नका.

आता पहिला मुद्दा. तो सगळ्यात जास्त लोकांना पटतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. 'ऑल-सीझन म्हणजे बारा महिने, सगळीकडे, बर्फातसुद्धा. दुसऱ्या सेटचा खर्च वाचवा.' जिथे हिवाळा सौम्य असतो, बर्फ वर्षातून कधीतरी भुरभुरतो आणि लगेच वितळतो, तिथे चांगल्या ऑल-सीझनच्या एकाच सेटवर वर्ष निभतं. ते मी नाकारत नाही. पण 'सगळीकडे' हा शब्द चालणार नाही.

रबराचं मिश्रण एका ठरावीक तापमानाच्या पट्ट्यात नीट काम करतं. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होत जातं. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहतं, पण उष्ण रस्त्यावर लिबलिबीत होऊन भराभर झिजतं. ऑल-सीझन या दोघांच्या मधे बसतं, म्हणजे दोन्ही टोकांना थोडं थोडं सोडून देतं. त्यात 'हाय-परफॉर्मन्स' प्रकार साधारणपणे उन्हाळ्याच्या बाजूला झुकलेला असतो. कडक साईडवॉल, मोठे ट्रेड-ब्लॉक, स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद. हे सगळं बर्फातल्या पकडीतून थोडं कापूनच मिळतं.

साईडवॉलवर 'एम+एस' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ती खूण ट्रेडच्या रचनेवरून लावता येते, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, हे चिन्ह मात्र बर्फावरच्या चाचणीत ठरलेला किमान निकाल गाठल्यावरच मिळतं. तीही चाचणी दाबलेल्या बर्फावरची आहे. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्याबद्दल ती काही सांगत नाही. आणि जिथे पारा ७ अंशांच्या जवळपासही कधी येत नाही, तिथे थंडीसाठी दिलेल्या बारीक चिरांचे पैसे कशाला मोजायचे? तिथे त्याच दर्जाचा उन्हाळी टायर ओल्या आणि कोरड्या, दोन्ही रस्त्यांवर लवकर थांबतो. तेव्हा आपण वर्षभर कोणत्या तापमानात गाडी चालवतो ते आधी बघा, टायरच्या नावाकडे नंतर.

तिसरा मुद्दा, 'ट्रेडवेअर ५०० म्हणजे ५० हजार मैल, शंभराने गुणा.' असा गुणाकार कुठल्याही नियमात नाही. ट्रेडवेअर हा टायरवर छापलेला, झीज सांगणारा अमेरिकी पद्धतीचा तुलनात्मक आकडा आहे. टायर ठरावीक रस्त्यावर ७,२०० मैल (सुमारे ११,६०० किलोमीटर) चालवतात, १०० मानलेल्या नमुना टायरशी झीज ताडून पाहतात आणि पुढचा अंदाज बांधतात. ग्रेड टायर कंपनी स्वतःच ठरवते. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला त्याचा उपयोग होतो, दोन कंपन्यांची तुलना करायला फारसा नाही. त्याच्याच शेजारी छापलेला 'एए' किंवा 'ए' हा ट्रॅक्शन ग्रेड ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत चाक जाम करून मोजलेला असतो. वळणावरची पकड किंवा पाण्यावर तरंगणं त्यात येतच नाही.

दुसरा मुद्दा, टायरवर छापलेलं वेगाचं अक्षर जितकं वरचं तितकी पकड जास्त, असा. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही २४०, डब्ल्यू २७०. एवढ्या वेगाला आणि उष्णतेला टायर टिकतो का, हे ते अक्षर सांगतं. पकड किती ते सांगत नाही. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या अक्षराच्या खाली जाऊ नका, इतकंच त्याचं रोजच्या वापरात काम.

सातवा, 'नायट्रोजन भरला की हवा तपासायची गरज नाही.' साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरायचा तर भरा, पण तपासणं सुटत नाही. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआय उतरतो, मग आत काहीही भरलेलं असो.

राहिला सहावा, आणि हाही धोक्याचा आहे : 'दोनच नवे टायर घेणार असाल तर पुढे घाला, स्टिअरिंग आणि ब्रेक पुढेच असतात.' ऐकायला तर्कशुद्ध वाटतं, म्हणून कितीतरी जण डोळे झाकून करतात. टायर कंपन्या बरोबर उलट सांगतात : नवे मागे, निम्मे झिजलेले पुढे. पाण्यात पुढची चाकं सुटली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. स्टिअरिंगमध्ये ते लगेच जाणवतं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बहुतेक वेळा पकड परत येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि घाबरून पाय काढला की भार पुढे जाऊन मागचा भाग आणखी हलका होतो. सामान्य चालक त्यातून गाडी सावरू शकत नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीतही हेच लागू.

नवा टायर साधारण ८ मिलिमीटर ट्रेड घेऊन येतो. खाचेच्या तळाशी बोट फिरवलं की आडव्या, किंचित उंच पट्ट्या लागतात. त्या १.६ मिलिमीटरवर असतात आणि अनेक देशांत कायद्याची हद्दही तीच आहे. ट्रेड त्या पट्टीला टेकला की टायर गोटा झाला समजा. पावसात रोज गाडी काढणाऱ्याने ३ मिलिमीटरलाच बदलायचा विचार सुरू करावा. दुकानात दोन नवे टायर चढवायला दिलेत तर आधी मागचे पुढे घालायला सांगा, आणि 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचून घ्या. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा.